मानाचा बेल्ट

चांगले दिसणारे बेल्ट कापायचा मला पगार मिळायचा. लग्नाच्या मांडवात कुणी विचारलं, तुम्ही काय करता, आणि मी हे असं सांगितलं, की समोरची बाई आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पर्सकडे बघायची. आत कात्री असेल असं तिला वाटत असावं. असायचीच. ताडपत्री कापायची मोठी कात्री, बारामतीच्या बाजारातून मीच पैसे घालून घेतलेली, कारण कंपनीची बोथट होती आणि मला धीर धरवत नाही. शेडमधली माणसं माघारी मला 'कात्रीवाल्या मॅडम' म्हणायची. तोंडावर 'सुनंदाताई'.

मी मूळची काटेवाडीची. आयटीआय करून बारामतीच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागले आणि पुढे शेडच्या कोपऱ्यातल्या एका खोलीची धनीण झाले. आमच्या कंपनीत मोठाल्या टाक्या आणि लोखंडी सांगाडे बनायचे. ते उचलायला क्रेन. आता लोक क्रेनकडे बघतात आणि म्हणतात, केवढी ताकद. पण क्रेन काही ओझ्याला हात लावत नाही. तिचा हूक खाली येतो, आणि हूक आणि ओझं यांच्या मधे जे काही गुंडाळलेलं असतं ते सगळं वजन धरतं. कधी तारेचा दोर, कधी साखळी, कधी रंगीत जाड पट्टा. कागदोपत्री या सगळ्यांना स्लिंग म्हणतात, पट्ट्याला आम्ही बेल्ट म्हणायचो. माझी खोली या सगळ्या मधल्या मंडळींची.

बेल्टची दोन्ही टोकं दुमडून शिवलेली असतात, त्याचा फासा होतो, तो हुकात अडकतो. हिरवा बेल्ट दोन टनांचा, पिवळा तीन टनांचा, आणि प्रत्येकाला एक शिवलेली पट्टी, म्हणजे टॅग, त्यावर तो किती उचलू शकतो ते छापलेलं. टॅग गेला की बेल्ट माझ्या लेखी गेला, मग तो कितीही कोरा असो. सकाळी पाळी सुरू होण्याआधी मी एकेक बेल्ट टेबलावर पसरायचे आणि दोन्ही अंगांनी अंगठा फिरवत जायचे. कुठं काप आहे, कुठं शिवण उसवली आहे, कुठं वेल्डिंगची ठिणगी पडून धागा वितळला आहे. वितळलेली जागा बोटाला लगेच कळते, कडक आणि गुळगुळीत लागते. डोळे फसतात, अंगठा फसत नाही.

आणि कोन. कोन समजावताना मी एवढी रंगात यायचे की पोरं हसायची. घरी करून बघा. दोघींनी मिळून पाण्याने भरलेली बादली उचला. अगदी जवळ उभ्या राहिलात तर सहज उचलाल. आता बादली तशीच धरून एकमेकींपासून लांब सरका. पाणी तेवढंच, बादली तीच, पण खांद्यातून हात ओढून निघतात. बेल्टचे दोन पाय हुकापासून जितके फाकतील तितका प्रत्येक पायावर ताण वाढतो. हे एवढं कळलं तरी अर्धे अपघात टळतील असं मला अजून वाटतं. 

बाहेरची गिऱ्हाइकंही यायची, कारण मी फुकट सल्ला देते हे पसरलं होतं. एक ठेकेदार बेल्ट लांब झाला म्हणून त्याला गाठ मारून घेऊन आला होता आणि वर मला विचारत होता, गाठ नीट बसली का बघा. गाठ मारली की बेल्टची निम्मी ताकद तिथंच संपते. वरकुट्याच्या एका दूधवाल्याचा तर भर दुपारी फोन, गाभण गाय मुरघासाच्या खड्ड्यात पडली आहे, कितीचा बेल्ट लागेल. मी विचारलं, गाय किती किलोची आहे. तो म्हणाला, "वजन न्हाय ठाऊक ताई, दूध किती देती ते सांगतो." मी त्याला रुंद पट्टा कुठून कसा घ्यायचा ते फोनवर सांगत राहिले, पोटावर एकच पट्टा नको, एक पुढच्या पायांमागून, एक मागच्या पायांपुढून. गाय सुखरूप वर आली. पुढे तिला कालवड झाली तेव्हा त्याने माझ्याकडे चीक पाठवला, आणि त्या खरवसाची चव माझ्या कुठल्याही बढतीला नव्हती.

पण आज सांगायचं आहे ते पिवळ्या बेल्टचं.

आमच्या शेडमध्ये ओझी बांधणाऱ्या माणसांना खलाशी म्हणतात. समुद्राशी संबंध नाही, पण शब्द असा. त्या टोळीचे मुकादम ज्ञानोबातात्या, इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचे. तात्यांचा एक पिवळा बेल्ट ठरलेला होता. खंडेनवमीला सगळी टोळी हत्यारं धुऊन पुसून मांडायची, पाना, हूक, शॅकल म्हणजे लोखंडी जोडकड्या, आणि मधोमध हा बेल्ट. त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार. पूजा झाली की पहिलं ओझं त्याच बेल्टने उचलायचं. त्याला नावच होतं, मानाचा बेल्ट. आम्ही बौद्ध, आमचा दसरा वेगळा असतो. पण मी दरवर्षी बाजूला उभी राहायचे, पेढा खायचे, आणि दुसऱ्या दिवशी झेंडूच्या पाकळ्या झटकून बेल्ट तपासायला घ्यायचे. 

तात्यांचा एक नियम त्यांनी टोळीच्या अंगात भिनवला होता. क्रेन चालू असताना इशारा द्यायचा तो एकाच माणसाने. पण दोन्ही हात आडवे पसरून 'थांब'चा इशारा कुणीही दिला, झाडूवाल्या मावशींनी दिला, चहावाल्याने दिला, तरी आधी थांबायचं आणि मग कारण विचारायचं. या एका नियमासाठी मी त्यांना मनातून फार मानायचे.

तात्यांच्या निवृत्तीला चार दिवस उरले असताना त्या मानाच्या बेल्टवर मला फाशाजवळ रुपयाएवढा डाग सापडला. कुणीतरी बेल्ट ताज्या वेल्डिंगवर टाकला होता. काळसर, कडक, चकचकीत. मी टॅग कापला, बेल्ट बाद मालाच्या लाल पेटीत टाकला आणि टोळीतल्या बबनला सांगितलं, हा आजच्या आज कापून टाक. माझी लेक तेव्हा इंदापूरला दवाखान्यात होती, तिचे दिवस भरले होते, म्हणून मी संध्याकाळची एसटी धरली. नातू घेऊनच परतले. तोवर तात्यांचा निरोपसमारंभ होऊन गेला होता आणि लाल पेटी रिकामी होती. रिकामीच असायला हवी होती.

नंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळचे बेल्ट तपासून मी चहा घेत होते आणि फोनवर टोळीच्या ग्रुपात तात्यांचा फोटो आला. शेळगावच्या त्यांच्या जुन्या विहिरीची खोली वाढवायचं काम सुरू होतं आणि पाणी लागलं होतं. फोटोत विहिरीवर उभी केलेली यारी. यारी म्हणजे विहीर खणताना दगडमाती वर काढायची लोखंडी क्रेन, डिझेल इंजिनावर चालणारी. तिच्या दोराला लोंबकळणारी बकेट, आणि बकेटीत उभी तीन माणसं, चिखलाने माखलेली, दात काढून हसणारी. खाली तात्यांनी लिहिलं होतं, 'पाणी लागले. सर्वांनी पेढे खायला यावे.'

मला एवढा आनंद झाला की मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्या पट्ट्यात पाणी लागणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मग सवयीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, वर काय बांधलंय बघावं म्हणून. बकेटीची साखळी दिसेना. तिच्या दोन्ही लोखंडी कानांतून पिवळा पट्टा ओवलेला होता आणि त्याचे दोन्ही फासे हुकात होते. एका फाशाखाली हळदीचा पिवळाजर्द थर आणि त्यातूनही दिसणारा काळसर ठिपका. चहा माझ्या हातातच राहिला.

"बबन," मी हाक मारली. माझा आवाज ऐकूनच तो उभा राहिला.

तात्यांना फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला, तेच. इंजिनाशेजारी फोन कुणाला ऐकू येतो. साहेबांना दोन वाक्यांत सांगितलं, ते म्हणाले, जा. कपाटातून नव्या टॅगचा एक बेल्ट, लांब दोर आणि दोन शॅकल घेतले, ते बबनच्या गळ्यात घातले आणि स्कूटी काढली.

"मी चालवतो, ताई."

"गाडी मी चालवते. तू बोल."

काटेवाडी मागे पडेपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं, माझ्या पाठीमागून. पूजेचा बेल्ट, त्यावर कात्री कशी घालायची, त्याचा हात होईना. तेवढ्यात टोळीला सुचलं की तात्यांना शाल सगळेच देतात, आपण मानाचा बेल्टच खांद्यावर घालू. "चांगला बेल्ट दिला असता तर चोरी झाली असती, ताई. म्हणून पेटीतलाच घेतला. त्यो तसा बी टाकायचाच हुता." किती सरळ विचार, आणि किती प्रामाणिक माणसं. चांगला चोरला असता तर मी निर्धास्त असते.

"आणि एवढा चकाचक कसा दिसतोय?"

"घरी नेऊन गरम पाण्यात सोडा टाकून भिजवला रातभर. मळका कसा घालायचा तात्यांच्या अंगावर."

मी ब्रेकच दाबणार होते. या बेल्टांचा धागा पॉलिस्टरचा, त्याला सोडा आतून खातो. वरून बेल्ट उजळतो आणि आतून मऊ पडतो. हे मी टोळीला किती वेळा सांगितलं असेल. तरी त्या लेकराने मायेने सोडा घातला होता. मला राग यावा की रडू, कळेना. मी फक्त गाडीचा कान पिळला. दोन्हीकडे ऊस, वरून ऊन, मागे बबन आणि त्याच्या गळ्यात नवा बेल्ट. त्या रस्त्यावरून जाताना माझं काळीज इतक्या जोरात वाजत होतं की मला वाटलं, स्कूटीचंच काहीतरी बिघडलं आहे.

विहिरीवर जत्रा भरल्यासारखी माणसं जमली होती. बाया, म्हातारे, शेजारच्या वस्तीवरचे. कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स फिरवत होतं. यारीचं इंजिन धडधडत होतं आणि यारीवाला हणमंत दांडा धरून बसला होता. रिकामी बकेट विहिरीच्या तोंडावर लोंबत होती. फोटो काढून झाल्यावर ती तिघं यंत्र आणि पाइप आणायला पुन्हा खाली गेली होती आणि आता त्यांना वर घ्यायला बकेट खाली निघाली होती.

ओरडून कुणाला ऐकू गेलं नसतं. मी स्कूटी तशीच टाकली, पेढेवाल्याला ढकलून पुढे गेले आणि दोन्ही हात आडवे पसरले.

हणमंताला तो इशारा माहीतच नव्हता. तो माझ्याकडे, कोण ही बाई, असं बघत राहिला. पण पलीकडे निंबाखाली बसलेले तात्या ताडकन उठले. मी कोण, का आले, काही न विचारता त्यांनीही दोन्ही हात पसरले आणि हणमंताकडे बघून असा आवाज काढला की इंजिन थांबलं. मग शांतता झाली आणि तात्या म्हणाले, "सुनंदाबाई? तुमी हितं?"

"तात्या, बेल्ट."

त्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडे. जमलेल्या माणसांकडे. त्यांचा चेहरा मला वाचता आला आणि मला वाईट वाटलं. गावापुढे त्यांनी तो बेल्ट मिरवला होता. बकेटीची साखळी सकाळी तुटली तेव्हा त्यांनी घरातून तो देव्हाऱ्यासमोरून उचलून आणला होता.

"त्यो मानाचा बेल्ट हाय, बाई. त्यानं मला कवा दगा दिला न्हाय."

"न्हाय दिला, खरं हाय. पर आता त्यो भाजलाय."

"पूजेचा हाय. तुमच्यात न्हाय मानत, म्हणून..." वाक्य त्यांनीच अर्ध्यावर सोडलं. मला झोंबलं. पण भांडायला ती वेळ नव्हती.

"पूजेला मी काय म्हणत न्हाय, तात्या. तुमचा अंगठा द्या."

हणमंताने बकेट बाजूला ओढून जमिनीवर ठेवली. मी तात्यांचा हात धरून त्या हळदीवर फिरवला. खलाशाचा अंगठा आहे तो. डागावर आला आणि थांबला. तिथंच दोनदा मागे-पुढे झाला.

"सकाळधरनं किती खेपा झाल्या," हणमंत म्हणाला. "कुठं काय झालं? उगं घाबरवताय."

तेवढ्यात खालून एका बाईचा आवाज आला, विहिरीतून येतो तसा घुमून. ती शांता. ती, तिचा नवरा आणि दीर अशी तिघं खाली होती, विहिरी खणायचं काम करत गावोगाव फिरणारी. "अवं, पाणी गुडघ्याला लागलं. घ्या की वर."

आता सगळ्यांचे डोळे बबनच्या गळ्यातल्या नव्या बेल्टकडे गेले. लावा तो, घ्या त्यांना वर, संपलं. मलाही क्षणभर तेच वाटलं. मग मी यारीकडे बघितलं. तिचा तारेचा दोर एका जागी पिंजऱ्यासारखा फुगला होता, तारा मोकळ्या झाल्या होत्या. हुकाला तोंड बंद करायची पट्टी नव्हती. नवा बेल्ट मी कुठं लावणार होते? आणि माझी खोली चालवताना मी जे घोकून घेतलं होतं ते असं, की हे बेल्ट मालासाठी आहेत. माणूस याच्यावर चढवायचा नाही, मग बेल्ट कालच कारखान्यातून आलेला का असेना. ओझं पडलं तर ओझं जातं.

"माणसं न्हाय चढवायची," मी म्हणाले.

हणमंत हसला. "मग काय उडत येत्याल?"

उत्तर मला तात्यांनी दिलं. ते विहिरीच्या काठावर वाकले होते. विहीर जुनी, वरच्या भागात दगडी बांधकाम आणि भिंतीतून बाहेर काढलेले पायटे, म्हणजे उतरायचे दगड. नवं खणलेलं त्याखाली, तिथं मात्र सरळ कडा. "पायट्यापतूर शिडी पोचली तर त्यांची ती येत्याल," तात्या म्हणाले. "मंडपवाल्याकडं लोखंडी शिडी हाय. लांब हाय."

"मग शिडी खाली सोडू," मी म्हणाले. "शिडी माल हाय."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा ते शेडमधलं हसू आलं.

शिडी ट्रॅक्टरवरून येईपर्यंतचा वेळ मला आठवतो तो शांताच्या आवाजावरून. "मांडीला आलं." काठावरच्या बाया तिला वरून काहीबाही विचारत होत्या, बोलत ठेवत होत्या. पाण्यासाठी ज्या विहिरीत एवढी मेहनत घातली, तिथं पाणी सावकाश ये म्हणून प्रार्थना करायची वेळ आली होती. मी त्या वेळात हणमंताला दोर सोडायला लावला. फुगलेली जागा ड्रमवरच्या, म्हणजे दोर गुंडाळायच्या पिंपावरच्या, शेवटच्या वेढ्यांत होती. तो भाग गुंडाळ्यातच ठेवून एवढ्या हलक्या शिडीला पुरेल इतका चांगला दोर खाली सुटत होता. माणसासाठी मी तो मान्य केला नसता.

शिडी आली आणि मग जे झालं ते सांगताना आजही माझे हात हलायला लागतात. तात्या आणि मी कामाला लागलो. नवा बेल्ट शिडीच्या मध्याच्या वर, पायरीखालून घेऊन फास आवळला. धारेवर बेल्ट कापू नये म्हणून तात्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा टॉवेल दुमडून मधे घातला. खालच्या टोकाला दोर बांधून तो बबनच्या हातात, म्हणजे शिडी गरगरणार नाही. काठावरची माणसं पार मागे. खालच्या तिघांना मी ओरडून सांगितलं, पूर्वेच्या कडेला भिंतीला चिकटून उभे राहा, शिडी टेकेपर्यंत हलायचं नाही. आणि इशारा द्यायला तात्या. इतक्या दिवसांनी त्यांचा हात पुढे आला, बोट खाली, मनगट सावकाश फिरत. हणमंत आता हसत नव्हता. तो त्या हातावर नजर लावून दांडा सोडत होता, पहिल्यांदाच कुणीतरी त्याला नीट इशारा देत असावं तसा.

शिडी हलकेच विहिरीत उतरली. भिंतीला एकदाही आपटली नाही. शांता खालून ओरडली, "टेकली."

आधी दीर वर आला, मग नवरा. शांता शेवटी, कारण शिडीचा पाय तिने धरून ठेवला होता. पायट्यांवरून ती काठावर आली तेव्हा कमरेपर्यंत भिजलेली होती. तिने पदर पिळला, पेढ्यांच्या बॉक्सकडे बघितलं आणि दोन पेढे उचलले. आम्ही सगळे उगाचच हसायला लागलो. बबन रडत होता, पण हसत.

गोष्ट इथं संपती तर मी हिरोइन ठरले असते. पण हणमंताच्या मनातून जाईना. "आता खाली कोण न्हाय," तो म्हणाला. "मग बगू तरी, तुटतो का." माणसांनाही तेच हवं होतं. खरं सांगू, मलाही हवं होतं. सगळ्यांना लांब उभं केलं, बकेट दगडांनी काठोकाठ भरली, जुना बेल्ट लावला आणि हणमंताने ती जमिनीपासून वीतभर उचलली. बेल्ट ताणला. करकरला.

तुटला नाही.

त्याने बकेट खाली ठेवली, पुन्हा उचलली, जरा हिसका दिला. तुटला नाही. मागून कुणीतरी शिट्टी मारली. एक म्हातारा म्हणाला, "बारामतीसनं आल्या बेल्ट बगायला." माझे कान तापले. हेच तर माझ्या कामाचं दुखणं. मी कापलेला एकही बेल्ट कधी तुटलेला नसतो, कारण तुटायच्या आत मी तो कापते. मी बरोबर होते हे दाखवायला माझ्याकडे कधीच काही नसतं.

"न्हाय तुटला," मी म्हणाले. "उद्याबी कदाचित न्हाय तुटायचा. कवा तुटंल ते मला सांगता येत न्हाय. म्हणून तर कापते."

शांता बकेटीजवळ जाऊन तो पट्टा बघत होती. मग ती वळली आणि अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "तात्या, तुमी बसाल का ह्यात?"

तात्यांनी बकेटीचा बेल्ट सोडवला. मग त्यांनी शेजारच्या माणसाकडून ऊसतोडीचा कोयता मागून घेतला. बेल्ट ओंडक्यावर पसरला आणि मधोमध घाव घातला. कोयता उसळला. पुन्हा घातला, पुन्हा उसळला. तीन टनांचा पट्टा तो, सहज कापला जात नाही, घावावर घाव घालून एकदाचा तुटला. घाम पुसून तात्या फाशाजवळ आले, हळद बोटाने पुसली आणि त्या काळ्या ठिपक्यावर कोयता मारला.

एका घावात फासा वेगळा झाला. सुकलेल्या पाचटासारखा आवाज आला.

हणमंत खाली उतरला, तो तुकडा त्याने हातात घेतला, कडेचे धागे बोटाने मोडून बघितले, ते मोडत होते. तात्यांनी त्याच्या हातातून फासा परत घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मला म्हणाले, "मघाशी बोललो त्ये मनावर घिऊ नका." मी म्हणाले, घेतलं होतं, आता नाही. हणमंताने दुसऱ्याच दिवशी यारीचा दोर बदलला असं बबन सांगतो. मी मात्र आठवडाभर फोन करून तात्यांना विचारत होते, कुणी बकेटीत बसत तर नाही ना. ते म्हणायचे, शिडी तशीच ठेवली आहे, मंडपवाला रोज मागायला येतो.

त्यानंतर शेडमध्ये कुणाच्याही निवृत्तीला खांद्यावर बेल्ट पडला नाही. माझ्या कात्रीने एक चांगली रीत मारली, याचं मला वाईट वाटायचं. ज्या पट्ट्याने जन्मभर भाकरी दिली तो खांद्यावर घ्यावासा वाटणं यात चूक काय होतं?

माझा शेवटचा दिवस गेल्या वर्षी झाला. शाल, नारळ, साहेबांचं भाषण. बबनने माझी कात्री धार लावून, लाल फीत बांधून मला परत दिली, सगळे पोट धरून हसले. मी स्कूटी काढली आणि गेटकडे निघाले. तेवढ्यात गेटच्या मधोमध एक म्हातारा माणूस उभा दिसला, दोन्ही हात आडवे पसरून.

मी ब्रेक दाबला. कारण विचारायचं ते नंतर.

"एसटीनं उशीर केला," तात्या म्हणाले. त्यांनी खिशातून फासा काढला. पिवळा, एक कड जळालेली, वर कुंकवाचं बोट. "मानाचा हाय. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आणि साध्या पाण्यानं धुतलाय, सोडा न्हाय घातला."

मी तो घेतला. माझा अंगठा आपसूक त्या जळालेल्या कडेवर गेला आणि मागे-पुढे फिरायला लागला. ते बघून तात्या हसले.

"तपासा, तपासा," म्हणाले. "तपासल्याबिगर घिऊ नका."